कूलरवाल्याची टाकी

आमचे हे निवृत्त झाले तरी ह्यांचे हात काही निवृत्त झाले नाहीत. कोळशाच्या खाणीत जन्मभर डंपर दुरुस्त केले आणि घरी बसल्यावर एक जुनी डिझेल जीप आणून तिचाच डंपर करायला घेतला. मोठाली चाकं आली, गाडी हातभर उंच झाली, पुढे लोखंडी दांडा बसला. मी साडी सावरून चढू लागले की शेजारणी गॅलरीत यायच्या. मी ह्यांना काही बोलले नाही असं नाही. भरपूर बोलले. ऐकतो कोण?

ती जीप नाल्यातून जाते, रेतीतून जाते, दगडावर चढते, सगळं खरं. पण डिझेल पिते ते बघवत नाही. आणि टाकी मूळचीच, एवढीशी. त्यामुळे मैनीच्या गावाला जायचा आमचा बेत दोनदा फसला. पहिल्यांदा भामरागडच्या पुढे अर्ध्या वाटेत ह्यांनी टाकीत काडी बुडवून पाहिली, आणि गाडी वळवली. दुसऱ्यांदा डिझेलचे डबे मागे ठेवून निघालो, तर एक डबा कलंडला तो थेट माझ्या अनारशांच्या पिशवीवर. ते अनारसे गाईनंसुद्धा खाल्ले नाहीत.

मैनी म्हणजे माझी वसतिगृहातली मुलगी. मी चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होते. मैनी पहिलीत आली आणि बारावी होऊन गेली. माडिया घरची, बोलायला कमी, हसायला पुढे. दर दिवाळीला तिची आई तिला न्यायला यायची. आधी पायी, मग मिळेल त्या वाहनानं. आल्यावर आधी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची आणि मोहफुलांची पुरचुंडी पुढे करायची. तिला मराठी येत नव्हतं, मला माडिया येत नव्हती, तरी आम्ही दोघी तासभर बोलायचो. पुढेपुढे तिला बरंच मराठी यायला लागलं. मला मात्र ‘जोहार’च्या पुढे काही जमलं नाही.

ह्या उन्हाळ्यात मैनीचा फोन आला. आवाज तुटत होता. "बाई, माहं लगन आहे. पुनवेच्या आधी. या."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "आता मागे वळायचं नाही. काय करायचं ते करा."

चंद्रपूर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंचं दुकान आहे. ते कूलर बनवतात. मे महिन्यात चंद्रपूरला कूलरवाल्याचा जो मान असतो तो जावयालाही मिळत नाही. हे दुकानात गेले आणि मोठी टाकी बनवून द्या म्हणाले, तेव्हा रशीदभाईंनी हातोडी खाली ठेवली.

"भाऊ, सीझन चालू आहे. लोक कूलरसाठी माह्या डोक्यावर बसून राह्यले. अन् गाडीची टाकी मी कधी बनवली नाई."

"कूलरची टाकी बनवता ना?"

"त्याच्यात पाणी असते. ते गळलं तर फरशी ओली होते. डिझेल गळलं तर तुम्ही पेटता."

"मग गळू देऊ नका," हे म्हणाले.

हे बोलणं त्यांना लागलं. आपल्या हातचा कूलर गळत नाही, असं ते गल्लीत सगळ्यांना सांगत असतात. त्याच दुपारी ते आमच्या अंगणात आले आणि जीपखाली शिरले.

पुढचे काही दिवस माझं अंगण माझं राहिलं नाही. दोघांनी मिळून जीपच्या पोटाचा पुठ्ठ्याचा साचा कापला. पुठ्ठा माझ्या नव्या मिक्सरच्या खोक्याचा. मागच्या चाकांच्या पुढे, बाकाखाली जागा निघाली, त्यासाठी सायलेन्सर बाजूला सरकवला आणि मागचं बाक उचललं. कूलरचा जस्ताचा पत्रा डिझेलला चालत नाही म्हणून हे कुठूनतरी जाड काळा पत्रा घेऊन आले. टाकीच्या आत आडव्या भिंती घातल्या, भोकं पाडलेल्या. नाहीतर वळणावर सगळं डिझेल एका अंगाला धावतं आणि गाडीला झोक जातो, असं ह्यांनी मला जेवताना सांगितलं. मला वरण वाढायचं होतं, तरी मी ऐकून घेतलं.

टाकी तयार होऊन आली आणि हे तिच्याकडे बघतच राहिले. तिला चार पाय होते.

"रशीदभाई, हे पाय काऊन?"

रशीदभाईंनी खाली पाहिलं. त्यांनाही तेव्हाच दिसले. "हाताले सवय आहे, भाऊ," ते म्हणाले. "कूलरले पाय असतेच ना."

पाय कापले. निळा रंग मात्र राहिला, तोच कूलरचा आकाशी निळा. मग तोंडं बंद करून आत सायकलच्या पंपानं हवा भरली, आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला, ह्यांच्या दाढीच्या ब्रशनं. कुठे बारीकसं छिद्र असेल तर फेसाला फुगा येतो. रशीदभाई नाक टेकवून एकेक सांधा बघत गेले. कुठेच फुगा आला नाही. त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला चहा टाकावाच लागला.

निघायच्या दिवशी पहाटे ते पिशवी घेऊन दारात उभे.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"भाभी, टाकी माही आहे. ती जंगलात जाणार, अन् मी इथी कूलरले जाळी ठोकत बसू? मले झोप नाई येत." दुकान त्यांनी भावावर टाकलं होतं. त्यांच्या घरून निरोप होता की न्याच ह्यांना, घरी जेवतानासुद्धा टाकीचंच बोलून राह्यले.

आलापल्ली

मी पुढे बसले. रशीदभाई मागच्या उंच बाकावर, टाकीच्या बरोबर वर, डोकं छताच्या कापडाला टेकलेलं. गाडी कुठेही थांबली की ते खाली उतरायचे, जीपखाली शिरून टाकीच्या पोटावरून हात फिरवायचे आणि कोरडा तळहात आम्हाला दाखवायचे. सुरुवातीला मी कौतुकानं मान हलवली. आष्टीच्या पुढे मी नुसतं "हो, हो" म्हणायला लागले.

आलापल्लीला सागाची सावली लागली आणि चंद्रपूरचं ऊन अंगावरून उतरलं. उन्हाळ्यात साग पानं टाकतो, पण ओढ्याकाठची झाडं हिरवी होती. टपरीवर पोहे खाल्ले, वर तर्री ओतलेले. तर्री इतकी तिखट की ह्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि तिसऱ्यांदा पोहे मागितले. टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. बाजूला उभा असलेला एक लाकूडतोड्या वाकून वाकून बघत होता.

"भाऊ," तो ह्यांना म्हणाला, "गाडीखाली कूलर काऊन बांधला?"

मी हसून हसून बेजार झाले. रशीदभाई हसले नाहीत. त्यांनी त्याला हाताला धरून खाली वाकवलं आणि सगळी टाकी समजावून दिली, आतल्या भिंतींसकट.

भामरागड

भामरागडला नद्या एकमेकींना भेटतात. पाणी उतरलेलं होतं, मधे पांढरी रेती आणि कडेनं काळे खडक. हीच नदी पावसाळ्यात रस्ता गिळते, हे तेव्हा पटत नव्हतं. एका बाईंच्या खाणावळीत उतरलो. त्यांनी नदीतले झिंगे रांधले होते, आणि भात. आमच्या घरी आधी पोळी, मग भात. इथे आधी भात, मग भात, आणि पोट भरलं म्हटलं की आणखी थोडा भात. झिंग्यांचा रस्सा बोटांवरून मनगटाकडे निघाला तरी मी थांबले नाही.

बाईंनी सांगितलं, पुढे काही मिळायचं नाही, इथे दुकानात डब्यातलं डिझेल मिळते, घेऊन ठेवा. पण ह्यांचा एक हट्ट आहे. दुकानातल्या डब्यातलं डिझेल हे गाडीला पाजत नाहीत. त्यात काय काय मिसळलेलं असतं म्हणे. "मैनीच्या मोडेगुड्याला जाऊन-येऊन पुरेल एवढं आहे, वर थोडं शिल्लकही," हे म्हणाले. रशीदभाईंनी लगेच मान डोलवली. टाकीवर विश्वास नसल्यासारखं कोणी बोललेलं त्यांना खपत नव्हतं.

पुढची वाट तेंदूपत्त्याच्या फळीवरून, म्हणजे पानं गोळा करून वाळवायच्या जागेवरून, जात होती. मोकळ्या जागेत पानांच्या पुड्यांच्या रांगाच रांगा वाळत घातलेल्या, बायका वाकून एकेक पुडा उलटत होत्या. त्याच्या पुढच्या नाल्यात आमची जीप एका दगडावर बसली. चाकं हवेत फिरायला लागली आणि खालून घर्रर्र आवाज आला. रशीदभाई इंजिन बंद व्हायच्या आत उतरले.

फळीवरची माणसं धावली. एकानं सागाची बल्ली आणली, ती गाडीखाली घालून सगळ्यांनी जोर केला, आणि जीप दगडावरून उतरली. टाकीला चांगला वाटीएवढा पोचा आला होता. रशीदभाई पोच्यावर हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी तळहात बघितला, वास घेतला, आणि आमच्याकडे वर केला. कोरडा होता.

"पोचा पडला, भाऊ," ते म्हणाले, "पण फुटली नाई." डोळ्यांत पाणी होतं हो त्या माणसाच्या. मलाही भरून आलं, आता टाकीसाठी भरून यावं असं माझं वय नाही, पण आलं.

मोडेगुडा

मैनीचं गाव दिसलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी केस सारखे केले, साडीच्या निऱ्या नीट केल्या. ह्यांनी हॉर्न वाजवला.

कोणी आलं नाही. घरांची दारं ओढून घेतलेली. अंगणं झाडलेली. ना मांडव, ना ढोल. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. लग्न मोडलं की काय, हाच विचार पहिला आला.

टोकाच्या घराच्या ओट्यावर एक बाई बसली होती. मैनीची आई. गुडघ्याला पाला बांधलेला, सुजून हा एवढा झालेला. तिनं मला ओळखलं आणि उठायला गेली, तर मीच तिला धरून बसवलं.

"समदे गेले," ती म्हणाली. "काल सकाळी. पोरीले घेऊन. नवऱ्याच्या गावाले, पेनगट्ट्याले."

"आणि लग्न?"

"तिथीच ना. उद्या." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शिकली-सवरलेली बाई हे काय विचारते. "मुलीच्या घरी कुठी लगन असते?"

आता बोला. आमच्याकडे नवरदेव वाजतगाजत मुलीच्या दारी येतो. इथे मुलगीच सगळं गाव घेऊन नवऱ्याच्या दारी जाते. मैनीनं लग्न आहे म्हणून सांगितलं, कुठे ते मी विचारलंच नाही. मुलीचं लग्न मुलीच्या घरी, त्यात विचारायचं काय? आणि त्याच हिशेबानं ह्यांनी टाकीचा आकार ठरवला होता.

"मी अर्ध्या वाटेतून वापस आली," आई गुडघ्याकडे बघत म्हणाली. "चालवत नाई." मग म्हणाली, "बसा, जावा देते." आणि त्या पायानं घरात जाऊन तिनं आम्हा तिघांना तांदळाची थंड आंबील आणून दिली, पानाच्या द्रोणात. लेकीचं लग्न उद्या, सगळं गाव तिकडे, आणि ही इथे कोंबड्या राखत आम्हाला जावा वाढत होती.

हे उठले. बांबूची काडी घेऊन टाकीत बुडवली, बाहेर काढून उन्हात धरली.

"त्या गावापर्यंत जाईल," मला म्हणाले. "परत येणार नाही."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काडी बघून गाडी वळवणारा हा माणूस. त्यांनी काडी पुसली, जागच्या जागी ठेवली, आणि रशीदभाईंना म्हणाले, "बाईले मागे बसवा. पाय लांब करू द्या."

पेनगट्टा

कोंबड्या कोंडून आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. जीपमधे ती पहिल्यांदाच बसत होती. मागच्या बाकावर रशीदभाईंच्या शेजारी, एका हातानं दांडा धरून आणि दुसऱ्यानं वाट दाखवत. रस्ता असा नव्हताच. नदीपात्रातला रेतीचा पट्टा आला तिथे ह्यांनी चाकांतली हवा कमी केली. लहान गिअरमधे इंजिन असं डिझेल ओढत होतं की मला ऐकू येत होतं, किंवा तसं वाटत होतं. रशीदभाई बाकाखाली हात घालून टाकीवर टिचकी मारून बघायचे. आवाज दर वेळी जास्त पोकळ.

रात्र वाटेतल्या एका पाड्यात काढली. सकाळी निघालो तर पेनगट्ट्याचे ढोल लांबून ऐकू यायला लागले. आईनं माझ्या खांद्याला हात लावला आणि काढलाच नाही.

गाव टेकाडावर होतं. चढ लागला आणि अर्ध्यात इंजिन खोकलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा खोकलं, मग बंद. ढोल तर असे जवळ वाजत होते की माणसांचे आवाज कळत होते. आईनं पाय खाली सोडले. "मी चालते," म्हणाली, आणि पाय टेकताच ओठ चावून उभी राहिली.

"थांबा," रशीदभाई म्हणाले. "भाऊ, डिझेल आहे. वाजवून पाह्यलं. चढावर मागं सरकलं. नळी पुढं आहे."

हे स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागले. गाडीचा ब्रेक सोडून त्यांनी ती उतारावरून खाली आणली, सपाटीवर वळवली, पाठ गावाकडे केली, आणि उलट्या गिअरमधे चढ चढायला घेतला. आता नाक खाली, शेपूट वर. उरलंसुरलं डिझेल नळीकडे आलं, आणि इंजिन एकसारखं गुरगुरत राहिलं.

अशी आमची स्वारी पेनगट्ट्यात शिरली, उलटी. हे मान मुरडून मागे बघत गाडी हाकताहेत, मी पुढे बसून गावाकडे पाठ केलेली. आणि सगळ्यांच्या पुढे, उंच बाकावर, मैनीची आई.

ढोल थांबले. मी मागे वळले तेव्हा मांडवातून मैनी धावत येत होती. अंगभर हळद, डोक्याला मण्यांची पट्टी. नवरीनं धावायचं नसतं हे तिथेही असावं, कारण दोन म्हाताऱ्या तिला धरायला निघाल्या होत्या. ती जीपच्या मागच्या फळीवर चढली आणि आईच्या मांडीत तोंड घालून रडली. आईचं सगळं लुगडं पिवळं झालं. मी तर केव्हाची रडत होते. हे गाडी बंद करायची विसरले, आणि ती आपोआप बंद पडली.

लग्न लागलं. काय सांगू किती छान लागलं. जेवणात भात आणि कोंबडी, आणि लाल मुंग्यांची चटणी. ती मी डोळे मिटून खाल्ली आणि मग डोळे उघडून पुन्हा मागून घेतली, आंबट-तिखट, लिंबाच्या लोणच्याच्या जवळपासची. ह्यांना गोरग्याचा रस दिला, झाडावरून उतरवलेला, ताडीसारखा चढणारा. रशीदभाईंनी हात जोडले तर त्यांच्यासाठी जावा आली. दुपारभर रेला नाच चालला. बायकांची एक रांग, हात एकमेकींच्या कमरेला, मलाही ओढलं. माझे पाय चुकत होते, शेजारची पोरगी मला कोपरानं ढोसून सरळ करत होती. वसतिगृहात मी पोरींना रांगेत उभं करायचे, आता त्यांनी मला केलं.

दुसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं निघाली. जेवणं झाली की मुलीकडच्यांनी उठायचं, हे मात्र आमच्यासारखंच. मैनीच्या आईनंही गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. तिला चालत जाणं शक्य नव्हतं, ती आमच्या जीपनं जाणार होती. गावातली दोन माणसं मोटारसायकलवर भामरागडला गेली आणि संध्याकाळच्या आत डिझेलचे डबे घेऊन परत आली. ह्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि डिझेल टाकीत ओतलं.

मैनी दाराच्या खांबाला धरून उभी होती. आई तिच्याकडे बघत नव्हती, गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. मला वाटत होतं की म्हणावं, राहा की चार दिवस. पण लेकीच्या सासरी आईनं विनाकारण राहायचं कसं? आणि ते म्हणणारी मी कोण?

रशीदभाई सगळं बघत होते. ते उठले, जीपखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा कपडे धुळीनं माखले होते. अख्ख्या गावासमोर, नवऱ्या मुलाच्या बापासमोर ते हात झटकत म्हणाले, "भाऊ, टाकी गळून राह्यली."

हे वळले. "काय?"

"पोच्यापाशी सांधा उघडला. माहीच वेल्डिंग कच्ची. फटीत साबण भरा लागते, अन् मग सुकू द्या लागते." त्यांनी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. "चार-पाच दिवस गाडी हालवता नाई येत."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडे बघितलं. "हो," म्हणाले. "मलाही वास येतच होता."

मुलाचा बाप म्हातारा माणूस. तो जीपपाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि वाकून टाकीखाली बघितलं. खाली माती कोरडी ठणठणीत होती, एक थेंब नाही. त्यानं हातानं ती माती चाचपून पाहिली, मग आणखी एकदा.

"हो, भाऊ," तो उठत म्हणाला. "लई गळून राह्यली."

मैनीच्या आईनं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.